आधी दोन आठवडे तुम्हीच अ‍ॅप व्हा

पत्र

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे, खांदे, कंबर अशा तक्रारी घेऊन लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना घरी करायचे व्यायाम शिकवते, माझ्यासमोर ते छान करतातही. घरी गेले की सगळं बंद. पुढच्या वेळी विचारलं की 'वेळच मिळाला नाही हो' हे ठरलेलं उत्तर. यावर एक अ‍ॅप असावं असं दोन वर्षं माझ्या डोक्यात आहे. ठरलेल्या वेळी आठवण, त्या व्यायामाचा छोटा व्हिडिओ, किती दुखलं याची नोंद आणि ती नोंद मला माझ्या फोनवर दिसावी. मला कोडिंगचा गंधही नाही. एका सॉफ्टवेअर कंपनीला विचारलं तर सहा महिने लागतील म्हणाले आणि आकडा असा सांगितला की माझी सगळी बचत त्यात जाईल. भाऊ म्हणतो, वर्षभर दे आणि स्वतःच कोडिंग शीक. मैत्रीण म्हणते, एआयला सांग, एका रात्रीत करून देईल. दरम्यान मी फिग्मा हे अ‍ॅपच्या स्क्रीन आखायचं साधन शिकले आणि ४२ स्क्रीन तयार केल्या. त्यातल्या पहिल्या अकरा लॉगिन, प्रोफाइल आणि स्वागताच्या आहेत. अजून कुणालाही दाखवलेल्या नाहीत, कारण कल्पना कुणी उचलली तर? मी कोड न लिहिता अ‍ॅप बनवायचं, म्हणजे नो-कोड, नेमकं कोणतं टूल घेऊ? की डेव्हलपर पार्टनर मिळेपर्यंत थांबू?

– व्यायाम न करणाऱ्या पेशंटना वैतागलेली

उत्तर

बेचाळीसपैकी अकरा स्क्रीन नुसत्या आत शिरायच्या! नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. रागावू नका, हे मी स्वानुभवाने बोलतेय. काही वर्षांपूर्वी मी एक नोंदवहीसारखं अ‍ॅप आठ महिने खपून बनवून घेतलं होतं. रंग कोणता, बटण गोल की चौकोनी, यावर रात्री घालवल्या. पहिल्या महिन्यात ते सगळ्यात जास्त वेळा कुणी उघडलं असेल, तर मीच. म्हणजे तुम्ही ज्या वळणावर उभ्या आहात, तिथून मी चुकीच्या बाजूला वळून बरीच लांब जाऊन आले आहे.

टूल कोणतं घ्यायचं ते सांगते, पण जरा पुढे. आधी घोडं कुठं पेंड खातंय ते बघू.

तुमच्या कल्पनेत तीन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. हे अ‍ॅप बनू शकेल का, ही एक. पेशंट ते वापरून खरंच व्यायाम करतील का, ही दुसरी. आणि यासाठी कुणी पैसे मोजेल का, ही तिसरी. कंपनीचे सहा महिने, भावाचं वर्ष आणि मैत्रिणीची एक रात्र, या तिन्ही सल्ल्यांतून उत्तर मिळतं ते फक्त पहिल्या शंकेचं. आणि गंमत अशी की ती शंका मुळात शंकाच नाही. आठवण पाठवणं, व्हिडिओ दाखवणं, एक आकडा भरून घेणं, ही कामं हजारो अ‍ॅप रोज करतात. तुमचंही करेल. पेशंट काय करेल, हे मात्र जगातल्या कुठल्याही डेव्हलपरला माहीत नाही.

तुम्ही धरून चालला आहात की लोक व्यायाम विसरतात. विसरत असतील तर आठवण हे औषध बरोबर आहे. पण एखाद्याला व्यायाम करताना दुखतं आणि आपण काहीतरी बिघडवून ठेवू अशी भीती वाटते. एखादीला आपण बरोबर करतोय की नाही हेच कळत नाही. कुणाला चार दिवसांत बरं वाटलं, म्हणून त्याने सोडून दिलं. कुणाला सहा व्यायाम सांगितले होते, त्यातले दोनच लक्षात राहिले. या चौघांनाही तुम्ही रोज संध्याकाळी सात वाजता घंटी वाजवून दाखवलीत, तर चौघेही ती बंद करतील. 'वेळ मिळाला नाही' हे उत्तर म्हणजे 'कंबर दुखते' या तक्रारीसारखं आहे. त्यावर थेट इलाज सुरू करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला तुम्ही काय म्हणाल?

म्हणून कोड नको, नो-कोडही नको. पुढचे दोन आठवडे तुम्हीच अ‍ॅप व्हा.

या आठवड्यात नव्याने सुरू होणारे दहा पेशंट घ्या. तुमच्यावर माया असलेले जुने पेशंट घेऊ नका, ते तुमच्यासाठी काहीही करतील आणि तुम्हाला काहीही कळणार नाही. प्रत्येकाला सरळ सांगा: मी एक प्रयोग करतेय, रोज एक मेसेज येईल, तो मी स्वतः पाठवणार आहे, नको वाटलं तर कधीही सांगा. वेळ त्यांनाच ठरवू द्या. व्यायामांचे व्हिडिओ फोनवर स्वतःचेच घ्या, एका व्हिडिओत एकच व्यायाम, मिनिटाच्या आत. ठरलेल्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आणि दोन प्रश्न जातील: केला का, आणि शून्य ते दहामध्ये किती दुखलं. तो शून्य ते दहाचा आकडा तुम्ही रोज विचारताच, त्यामुळे पेशंटलाही तो नवा नाही. उत्तर आलं की गुगल शीटमध्ये भरा. पेशंट उभ्या रांगेत, दिवस आडव्या, आणि शेवटी एक मोकळा रकाना. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा रकाना. ज्या दिवशी 'नाही' येईल त्या दिवशी न रागावता, उपदेश न करता, फक्त 'काय झालं?' एवढं विचारायचं आणि पेशंटने जे शब्द वापरले तेच्या ते त्यात उतरवायचे. 'कंटाळा' असं स्वतःच्या शब्दांत सारांश करून लिहू नका. 'खाली बसलं की उठायला कुणीतरी लागतं आणि घरी कुणी नव्हतं' हे वाक्य जसंच्या तसं मिळालं, तर त्यातून जे अ‍ॅप निघेल ते 'कंटाळा' या शब्दातून कधीच निघणार नाही.

ग्रुप मात्र करू नका. सोयीचं वाटेल, पण एकाचा नंबर आणि दुखणं दुसऱ्याला दिसेल. आणि शीटमध्ये नावं लिहू नका. प १, प २ असे क्रमांक द्या, कोणता क्रमांक कुणाचा ते वहीत ठेवा.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. तुम्ही त्यांच्या उपचार करणाऱ्या आहात, त्यामुळे तुमचं मन राखायला लोक 'हो, केला' म्हणतील. यावर पूर्ण इलाज नाही. थोडासा आहे: पुढच्या भेटीत तोच व्यायाम करून दाखवायला सांगा. रोज केलेल्या माणसाचं शरीर आणि रोज 'हो' पाठवलेल्या माणसाचं शरीर यातला फरक ओळखायला तुम्हाला कुठलं अ‍ॅप लागणार नाही.

हे सगळं फार घरगुती वाटत असेल, स्टार्टअपसारखं वाटत नसेल, तर थोडा इतिहास ऐका. जेफ हॉकिन्स यांच्या कंपनीचं झूमर नावाचं खिशातलं संगणक-यंत्र १९९३ मध्ये बाजारात येऊन सपशेल पडलं. पुढचं यंत्र करायच्या आधी हॉकिन्स यांनी खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि तो शर्टाच्या खिशात घालून हिंडू लागले. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा, लाकडी काडीने त्यावर टकटक करायचं, जणू कॅलेंडर बघतोय. ठोकळ्यात अर्थातच काही नव्हतं. पण दिवसातून किती वेळा तो काढावासा वाटतो, कशासाठी काढावासा वाटतो आणि खिशाला किती जड होतो, हे सगळं त्यातून कळलं. १९९६ मध्ये आलेला पाम पायलट त्या ठोकळ्यातून निघाला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात तंत्रज्ञान म्हणून फक्त करवत आहे.

निक स्विनमर्न यांना १९९९ मध्ये प्रश्न पडला होता की लोक बूट पायात घालून न बघता इंटरनेटवर विकत घेतील का. त्यांनी दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीत बूट विकत घेऊन पाठवले. प्रत्येक विक्रीत तोटा. पण गोदाम न घेता, माल न भरता प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि तीच पुढे झॅपोस कंपनी झाली. रेस्टॉरंटचं जेवण घरपोच देणाऱ्या डोअरडॅश कंपनीची सुरुवात २०१३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पालो अल्टो गावातल्या विद्यार्थ्यांनी केली, ती एका साध्या पानावर: काही रेस्टॉरंटांच्या मेनूच्या पीडीएफ फाइली आणि एक फोन नंबर. फोन वाजला की यांच्यातलाच कुणीतरी गाडी काढायचा.

या गोष्टी सांगताना एक पथ्य पाळलं पाहिजे. आपण जिंकलेल्यांच्याच गोष्टी ऐकतो. असेच ठोकळे खिशात घालून फिरलेले आणि शेवटी काहीच न बनवलेले लोकही असतील, त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. खरं तर त्यांचा ठोकळा त्यांच्या जास्त कामाला आला म्हणायचा, एवढा पैसा वाचला!

याच पद्धतीचा एक भाऊबंद आहे, तो तुम्ही टाळावा असं मला वाटतं. त्याला 'विझार्ड ऑफ ओझ' प्रयोग म्हणतात: समोर यंत्र दिसतं, पडद्यामागे माणूस असतो. आयबीएममधल्या संशोधकांनी बोललेलं टाइप करणाऱ्या यंत्राचा असा प्रयोग केला होता आणि १९८३ मध्ये त्यावर लेख लिहिला. बोलणाऱ्याचे शब्द पडद्यावर उमटायचे, पण ते दडून बसलेला टायपिस्ट टाइप करायचा. प्रयोगशाळेत हे ठीक. तुमच्या बाबतीत पेशंटला वाटलं की एखादी हुशार यंत्रणा त्याच्या दुखण्यावर चोवीस तास नजर ठेवून आहे, आणि रात्री अकराला त्याने 'नऊ' लिहिलं तेव्हा तुम्ही झोपलेल्या असलात, तर? बूट विकत घेणाऱ्याला बूट मिळाले, त्याचं काही गेलं नाही. इथे जाऊ शकतं. म्हणून माणूस आहे हे लपवायचं नाही, आणि त्रास वाढला तर मेसेजची वाट न बघता थेट फोन करा, हे पहिल्याच दिवशी सांगायचं.

सुरू करण्याआधी एका कागदावर एक आकडा लिहून ठेवा. समजा, 'दुसऱ्या आठवड्यात दहापैकी सहा जणांनी किमान चार दिवस व्यायाम केला, तर पुढे जाईन.' आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पण तो आधी ठरवा. नंतर ठरवायला बसलात तर जे आलं तेच भरपूर वाटायला लागतं. माझ्या त्या नोंदवहीच्या अ‍ॅपचे अकरा वापरणारे मला महिनाभर 'चांगली सुरुवात' वाटत होते. दहा माणसांवरून काही सिद्ध होत नाही हे खरंच आहे. पण दहापैकी एकच जण करतोय की आठ जण करतायत, एवढं कळायला दहा पुरतात.

आता त्या ४२ स्क्रीन. त्या वाया गेल्या नाहीत, फक्त त्यांची पाळी अजून आली नव्हती. त्यातल्या चार-पाच निवडा: आठवण येते ती, व्हिडिओची, दुखण्याचा आकडा भरायची, आणि तुम्हाला नोंदी दिसतात ती. लॉगिन काढून टाका. फिग्मात स्क्रीन एकमेकींना जोडून बोटाने पुढे जाता येईल असा नमुना करता येतो, तो फोनवर उघडतोही. तो पाच जणांच्या हातात द्या. पाचच का? वस्तू वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलेला हिशेब असा की पाच जणांवर चाचणी घेतली तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. त्यापेक्षा दुरुस्ती करून पुन्हा पाच जणांकडे जाणं फायद्याचं. मात्र हा आकडा अडखळण्यापुरता आहे. 'लोकांना हे हवंय का' या प्रश्नाला तो लावू नका. नवखे लोक तो सर्रास लावतात.

नमुना दाखवताना समजावून सांगू नका. 'आजचा व्यायाम करून नोंद करा' एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. बोट भलतीकडे गेलं तरी गप्प. मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा, असं त्यांना सांगितलं की त्यांच्या मनातला गोंधळ तुम्हाला ऐकू येतो. गप्प बसणं हा यातला सर्वांत अवघड भाग आहे, विशेषतः दिवसभर लोकांना 'असं नाही, असं' सांगणाऱ्या माणसाला.

आणि हे सगळं टेबलाशी बसून करू नका. तुमचा पेशंट फोन कुठे धरणार आहे? तो जमिनीवर चटईवर आडवा आहे. एक पाय वर आहे. फोन हाताच्या अंतरावर कुठेतरी पडला आहे, चष्मा दुसरीकडे आहे. खांद्याचा पेशंट असेल तर एक हात मुळात कामाचाच नाही. तुम्ही स्क्रीन आखल्या त्या खुर्चीत बसून, दोन्ही हात मोकळे असताना. त्याच स्क्रीन चटईवर झोपलेल्या माणसाला दाखवा, म्हणजे कळेल की दुखण्याचा आकडा भरायला केलेली ती सरकपट्टी त्याच्या अंगठ्याने पाचावर थांबतच नाही. कदाचित व्यायाम चालू असताना स्क्रीनला हातच लावावा लागू नये, असं काहीतरी लागेल. हे मी घरी बसून लिहितेय म्हणून 'कदाचित' म्हणते. तुमच्या क्लिनिकमध्ये चटई आहे.

टूलचा प्रश्न इथे येतो. दोन आठवडे हाताने केल्यावर कुठलं काम हात दुखवतंय ते कळेल, तेवढंच यंत्राला द्या. आकडे शीटमध्ये भरताना वैताग येत असेल तर गुगल फॉर्म्स किंवा टॅली वापरा. उत्तरं थेट तक्त्यात जातात. ठरलेल्या वेळी मेसेज पाठवणं जाचक होत असेल तर झॅपियर किंवा मेक अशी जोडणी करणारी साधनं आहेत: तक्त्यात अमुक झालं की तमुक पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप मेसेज पाठवायचे तर त्याची व्यावसायिक वापराची वेगळी व्यवस्था आणि नियम आहेत, म्हणून पहिल्या फेरीत ईमेलवर भागतं का ते बघा. पेशंटला फोनवर उघडता येईल असं अ‍ॅपसारखं काही हवंच असेल तर ग्लाइड किंवा अ‍ॅपशीट घ्या. दोन्ही तुमच्याकडे आधीच असलेल्या तक्त्यावरून अ‍ॅप उभं करतात; अ‍ॅपशीट तर २०२० पासून गुगलचंच आहे. ग्लाइडचं अ‍ॅप ब्राउझरमध्ये उघडतं, त्यामुळे अ‍ॅप स्टोअरच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही.

बबल या नो-कोड टूलचं नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल. ताकद मोठी आहे, पण शिकायला आठवडे जातात आणि तिथे बनवलेलं अ‍ॅप तिथेच चालतं. कोड उचलून दुसरीकडे नेता येत नाही. तुमच्या आजच्या गरजेला ते फार होईल. कुठलंही टूल घेताना दोन गोष्टी विचारा. माझा सगळा डेटा साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो का? आणि वापरणारे दहाचे हजार झाले तर बिल कसं वाढतं? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर तिथेच थांबा.

तक्त्यावर अ‍ॅप चालवणं हे ताकापुरतं रामायण आहे, हेही विसरायचं नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत कोविडचे सुमारे १६ हजार रुग्ण काही दिवस मोजणीतून गळले, कारण निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतले जात होते आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळीच मावत नाहीत. तुमच्या दहा पेशंटांना हा धोका नाही. पण प्रयोगासाठी केलेली वस्तू लोक नकळत कायमची वापरायला लागतात.

एआयबद्दल तुमच्या मैत्रिणीचं चूक नाही, अर्धंच बरोबर आहे. लव्हेबल, बोल्ट, रेप्लिट अशा साधनांना साध्या भाषेत सांगितलं तर चालतं-फिरतं अ‍ॅप खरंच एका संध्याकाळी उभं राहतं. याला 'व्हाइब कोडिंग' हे नाव एआय संशोधक आंद्रे कार्पाथी यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत दिलं, आणि त्यांनी स्वतःच तेव्हा म्हटलं होतं की शनिवार-रविवारी करून टाकून द्यायच्या प्रकल्पांना हे बरं आहे. तुमच्या चटईवरच्या चाचणीला असा टाकाऊ नमुना उत्तम. खोटी नावं, खोटे आकडे भरा आणि खुशाल दाखवा. खऱ्या पेशंटची माहिती मात्र त्यात घालू नका. समोरून सुंदर दिसणाऱ्या अ‍ॅपच्या मागचं दार उघडं आहे की बंद, हे कोड न वाचणाऱ्याला दिसत नाही. आणि ही फक्त एआयची गोष्ट नाही. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॉवर अ‍ॅप्स या नो-कोड प्रकारच्या साधनावर बनवलेल्या कितीतरी पोर्टलमधून ३ कोटी ८० लाख नोंदी कुणालाही वाचता येतील अशा पडून असल्याचं उघड झालं. त्यात नामांकित कंपन्या होत्या, सरकारी खाती होती. कारण काय, तर तक्ता कुणाला दिसावा याची एक सेटिंग मुळात मोकळी होती आणि बनवणाऱ्यांनी ती बंद केली नाही. कोड न लिहिता बनवलेल्या वस्तूलाही कुलूप लावावं लागतं. खरे पेशंट आत यायच्या आधी जाणत्या माणसाकडून तेवढं एक काम पैसे देऊन करून घ्या. सहा महिन्यांच्या कंत्राटापुढे तो खर्च किरकोळ असेल.

पैसे कोण देईल, या शंकेकडे तुमच्या पत्रात लक्षच नाही, म्हणून मीच काढते. माझा अंदाज, पेशंट देणार नाही, दुसरे फिजिओथेरपिस्ट देतील. पण अंदाजच. ओळखीच्या पाच जणांना 'असं अ‍ॅप आवडेल का' असं विचारू नका. सगळे हो म्हणतील. 'पुढच्या सोमवारपासून तुझे दोन पेशंट माझ्या या मेसेजच्या प्रयोगात दे' असं म्हणा. जो खरंच दोन पेशंट देईल, त्याला गरज आहे. नंतर हवं तर एका पानाची साइट करा. सोशल मीडियावरच्या पोस्ट ठरल्या वेळी टाकणाऱ्या बफर या कंपनीच्या जोएल गॅसकॉइन यांनी २०१० मध्ये अशी दोनच पानं केली होती: एकावर कल्पना, दुसऱ्यावर 'अजून तयार नाही, ईमेल देऊन ठेवा'. लोकांना रस आहे हे दिसल्यावर दोन्हींच्या मध्ये दरांचं पान घातलं, आणि पैशांच्या योजनेवर कुणी बोट ठेवतं का ते पाहिलं. उत्पादन तोवर बनलंच नव्हतं.

कल्पना चोरीला जाण्याची भीती? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. व्यायामाची आठवण देणारं अ‍ॅप ही कल्पना अनेकांना सुचलेली आहे, काहींनी बनवलेलीही आहे. त्यांची अ‍ॅप आधी स्वतःच्या फोनवर घालून आठवडाभर वापरा, कुठे सोडावंसं वाटलं ते लिहा. कुणालाही चोरता येणार नाही अशी एकच वस्तू तुमच्याकडे असेल: तो मोकळा रकाना भरलेली शीट.

डेव्हलपर पार्टनर शोधायचा असेल तर तोही ती शीट हातात घेऊन शोधा. ४२ स्क्रीन पाहून चांगला डेव्हलपर मनात तास मोजायला लागतो. 'दहापैकी सात जणांनी केला, तिघांनी या कारणांनी नाही केला, आणि दोन सहकाऱ्यांनी आपले पेशंट दिले' हे ऐकल्यावर तो प्रश्न विचारायला लागतो. भावाला सांगा, कोडिंग आवडीने शिकायचं असेल तर जरूर शिकेन, पण या कामासाठी नाही. सॉफ्टवेअर कंपनीला आत्ता काहीच सांगू नका, आगाऊ रक्कम तर मुळीच देऊ नका.

दोन आठवडे झाले की शीट उघडा आणि 'हो'च्या आधी 'नाही'चे रकाने वाचा. काय निघालं ते मला कळवा, आकडा तुमच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी असला तरी.

आणि हो, व्हिडिओ घेताना मोजणी मोठ्याने करा. पालथ्या पडलेल्या माणसाला स्क्रीन दिसत नाही.